टॅली, एक्सेल की ऑनलाइन? एका छोट्या संस्थेच्या नव्या खजिनदारांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातली तुमची संस्था गरजू मुलांची फी भरते आणि एक अभ्यासिका चालवते. पगारी माणूस एकही नाही. वर्षाला चौदा लाखांच्या आसपास जमा, सव्वादोनशे देणगीदार, दोन बँक खाती. आधीचे खजिनदार वहीत आणि एक्सेलमध्ये हिशेब ठेवायचे. ते आता मुलाकडे बंगळुरूला गेले आणि काम तुमच्या गळ्यात पडलं. सीए म्हणतात टॅली घ्या, अध्यक्षांचा पुतण्या म्हणतो ऑनलाइन काहीतरी घ्या. यातलं चांगलं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय की एक्सेलच्या फाइलचा पासवर्ड अजून मिळालेला नाही.

मी बावीस वर्षं एका सीएंच्या ऑफिसात ट्रस्टच्या फायली हाताळल्या आणि त्याच काळात दोन संस्थांची बिनपगारी खजिनदारही होते. म्हणजे कागद मागणारी मीच आणि कपाटात तेच कागद शोधणारीही मीच. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते पासवर्डचं आहे. तुमच्यासारख्या संस्थेत खजिनदार तीन-पाच वर्षांनी बदलतो, नवा माणूस बहुधा निवृत्त शिक्षक किंवा नोकरी सांभाळून रविवारी येणारा असतो, आणि त्याला पहिल्याच मार्चमध्ये ऑडिटला सामोरं जायचं असतं. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते: पुढच्या माणसाला ते एका संध्याकाळी समजावून देता येईल का? सोयींची यादी त्यानंतर.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. मी धरून चालतेय की तुमची नोंदणी सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी दुहेरी आहे, जशी महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांची असते, आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी आहे, परदेशी देणगीची परवानगी नाही, जीएसटी नाही. तुम्ही कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असाल तर गोष्ट वेगळी. कंपन्यांना १ एप्रिल २०२३पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. ट्रस्टला हा नियम लागू नाही. विक्रेते मात्र सगळ्यांना तोच नियम दाखवून महागडी योजना गळ्यात मारतात.

आता पहिलं काम: मोजा. गेल्या वर्षीची दोन्ही पासबुकं घ्या, पेन्सिलीने एकेका ओळीवर टिंब करत जा आणि एकूण किती ओळी झाल्या ते लिहा. त्यात रोखीची व्हाउचरं मिळवा. चौदा लाख ऐकून काहीच कळत नाही. पंचवीस जणांनी पन्नास-पन्नास हजार दिले असतील तर वर्षभरात दीडशे नोंदी होतील. शंभर जण दरमहा पाचशे रुपये यूपीआयने पाठवत असतील तर नुसत्या देणग्यांच्याच बाराशे होतील. माझा स्वतःचा ठोकताळा असा की वर्षाला तीनशे नोंदींपर्यंत नीट आखलेली शीट पुरते. त्याच्या वर गेलं की दुहेरी नोंद करणारं, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिणारं सॉफ्टवेअर घ्यावं, कारण तिथून पुढे चूक सापडायला जितका वेळ जातो तितक्यात नवीन नोंदी करून होतात. हा आकडा कुठल्या नियमातला नाही, फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या वह्यांवरून आलाय.

दुसरं काम, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं: हिशेबातून शेवटी काय निघायला हवं ते आधी ठरवा. तुम्हाला दोन ठिकाणी हिशेब द्यायचाय. एक धर्मादाय आयुक्त, दुसरं आयकर खातं. धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद शेड्यूल आठच्या नमुन्यात जातो आणि उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल नऊच्या. शेड्यूल नऊमध्ये खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, ऑडिट फी, घसारा वगैरे येतं आणि शेवटी ‘संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’, त्याच्या पोटात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय असे भाग. बाजारात मिळणारी सॉफ्टवेअरं दुकानदारासाठी बनलेली असतात. ती तुम्हाला नफा-तोटा पत्रक देतील, शेड्यूल नऊ आपणहून देणार नाहीत.

उपाय साधा आहे. सॉफ्टवेअर कोणतंही असो, खाती उघडताना ऑडिट झालेलं गेल्या वर्षीचं पत्रक समोर ठेवा आणि गट त्याच नावांनी, त्याच क्रमाने करा. एका वाचनालयाचं उदाहरण देते. तिथे ‘चहापाणी’ नावाचं एकच खातं होतं. कार्यकारिणीच्या सभेचा चहा त्यात, स्पर्धेला आलेल्या मुलांचा नाश्ता त्यात, आणि ऑडिटला आलेल्या आमच्या ऑफिसातल्या मुलांची मिसळही त्यातच. वर्षाअखेरीला चाळीस हजारांच्या वर रक्कम आणि त्यातलं किती ‘शैक्षणिक उद्दिष्टावर’ ते कुणालाच सांगता येईना. मग व्हाउचरांचा गठ्ठा सोडून एकेकाच्या मागे काय लिहिलंय ते वाचत दोन दिवस गेले. ‘सभा खर्च’ आणि ‘स्पर्धा: मुलांचा अल्पोपहार’ अशी दोन खाती एप्रिलमध्ये उघडली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

तुमच्याकडे कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेली शिष्यवृत्तीची ठेव आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती कॉर्पस आहे, म्हणजे मुद्दलाला हात न लावता जपायचा निधी. मुद्दल शेड्यूल आठमध्ये कॉर्पसखाली वेगळं दिसलं पाहिजे, आणि १ एप्रिल २०२१पासून कॉर्पसला करमाफी हवी असेल तर ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत, कॉर्पस म्हणूनच वेगळी ठेवावी लागते. त्या ठेवीचं व्याज बचत खात्यात जमा होऊन सामान्य जमेत मिसळलं की तीन वर्षांनी देणगीदाराची मुलगी येऊन विचारते, ‘बाबांच्या नावाने यंदा किती मुलांना दिलं?’ आणि खजिनदार खाली बघतो. टॅलीत यासाठी कॉस्ट सेंटर आहे, झोहो बुक्समध्ये टॅग आहेत, शीटमध्ये एक जादा रकाना आहे. तिन्हीत काम होतं. नोंद करतानाच भरलं पाहिजे, एवढंच.

आयकराच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. १ एप्रिल २०२६पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत. मी इथे जुनीच नावं वापरतेय, कारण सीएंच्या ऑफिसात अजून तीच तोंडात आहेत. फॉर्म भरताना चालू क्रमांक त्यांनाच विचारा.

छोट्या ट्रस्टचा सगळ्यात जास्त घाम निघतो तो देणगीदारांच्या यादीपायी. आर्थिक वर्ष २०२१-२२पासून ८०जी असलेल्या प्रत्येक संस्थेला प्रत्येक देणगीदाराची माहिती आयकराच्या १०बीडी या फॉर्ममध्ये भरावी लागते, ३१ मेच्या आत. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, त्याच्याशिवाय त्याला वजावट मिळत नाही. मे २०२२मध्ये पहिल्यांदा हे करताना आमच्या ऑफिसात अकरा संस्थांच्या याद्या होत्या आणि एकीतही सगळे पॅन नव्हते. मी स्वतः रात्री साडेनऊपर्यंत लोकांना फोन करत होते. एक आजोबा म्हणाले, ‘मॅडम, बँकेवाले सांगतात फोनवर पॅन द्यायचा नाही.’ त्यांचं बरोबरच होतं.

तर एक पावती हातात घेऊन बघू. कुणीतरी ५,००० रुपये यूपीआयने पाठवले. पासबुकात काय दिसतं? यूपीआय, बारा आकडी क्रमांक आणि अर्ध्यात तुटलेलं नाव. ‘संतोष’ असं दिसतं, आणि तुमच्या यादीत संतोष चार. १०बीडीला हवं असतं पूर्ण नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, देणगी कॉर्पस, विशिष्ट कामासाठी की इतर, आणि ती रोख, वस्तुरूप की बँकेमार्फत आली. म्हणून पावतीवर आणि देणगीच्या नोंदीत हे सगळे रकाने पाहिजेतच, शिवाय तो बारा आकडी क्रमांक. तो लिहिलेला असेल तर पासबुकाची ओळ आणि पावती एकमेकांना भेटतात; नसेल तर मार्चमध्ये चार संतोषांना फोन.

पॅन हाताने लिहून घेतला असेल तर ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांचा घोळ ठरलेला. पॅनची रचना पक्की आहे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. म्हणजे पहिल्या पाचांत शून्य येऊच शकत नाही. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर. कुलकर्णींच्या पॅनमध्ये पाचवं ‘के’ नसेल तर एकदा विचारा. विचारताना मात्र जपून, कारण लग्नाआधी काढलेल्या पॅनवर माहेरच्या आडनावाचं अक्षर तसंच राहतं. मी एका बाईंना ‘तुमचा नंबर चुकलाय’ म्हणून ठासून सांगितलं होतं आणि नंतर माफी मागितली होती.

हल्ली पॅन द्यायला लोक कंटाळतात, त्याचं एक कारण असं की नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ८०जीचा काही उपयोगच नाही. तरी नाव-पत्ता घ्याच. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर वजावट कुणालाच मिळत नाही, हे पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. उत्साही स्वयंसेवक गणपतीच्या दिवसांत पाच-पाच हजार रोख घेऊन येतात आणि ‘८०जीची पावती मिळेल’ असा शब्दही देऊन येतात.

माझ्या पाहण्यातल्या एकाही नेहमीच्या हिशेबी सॉफ्टवेअरने ही देणगीदारांची यादी हवी तशी सांभाळलेली नाही. दुकानाच्या ग्राहकांच्या रकान्यांत कोंबता येते, पण शेवटी १०बीडीच्या साच्यात शीटवरूनच न्यावी लागते. म्हणून टॅली घेतलं तरी देणगीची शीट सुटत नाही, हे धरून चाला. जिथे विक्रेता ‘आमच्यात सगळं आहे’ म्हणेल तिथे त्याला १०बीडीची फाइल समोर काढून दाखवायला सांगा.

आता एकेक पर्याय.

एक्सेल किंवा गूगल शीट. फुकट, सगळ्यांना येतं. धोका असा की ती कुणाला अडवत नाही. एका संस्थेत कुणीतरी देणगीदारांची नावं बाराखडीप्रमाणे लावायला गेलं आणि फक्त नावांचाच रकाना निवडला. नावं हलली, रकमा जागेवरच राहिल्या. दीड महिना कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा छापील पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून पुन्हा सगळं मांडलं. शीट वापरायची तर दरमहा छापून, सही करून फाइलला लावा आणि रोख व बँक शिल्लक दर महिन्याला जुळवा.

टॅली. आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा गुण सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, तो गावात आहे: तालुक्याच्या ठिकाणीही ते शिकलेली मुलं मिळतात, आणि जवळपास प्रत्येक सीएंकडे ते असतं. एफ-सहा जमा, एफ-पाच खर्च, एफ-चार बँकेत भरणा किंवा काढणी, एफ-सात जर्नल, म्हणजे रोख किंवा बँक न हलणारी नोंद. तुमच्या संस्थेचं वर्ष या चार कळांत बसतं. एका संगणकाचा कायमचा परवाना वीस हजारांच्या वर जातो, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि तो तुम्हाला परत मिळत नाही. वार्षिक नूतनीकरण नाही केलं तर नव्या आवृत्त्या मिळत नाहीत, पण नोंदी करणं थांबत नाही. फार मोठ्या खर्चाशिवाय घ्यायचं तर आधी सीएंना विचारा की त्यांच्याकडच्या टॅलीत तुमच्या संस्थेची वेगळी वही (टॅलीच्या भाषेत ‘कंपनी’) उघडून, तुम्ही महिन्याला पाठवलेल्या शीटवरून ते नोंदी करतील का. अनेकजण माफक फीमध्ये करतात.

आणि हो, फुकटातलं शैक्षणिक टॅली वापरू नका. हसू नका, मी असा हिशेब पाहिलाय. त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि ३१ एवढ्याच तारखा घेता येतात. एका मंडळाच्या होतकरू खजिनदाराने सगळं वर्ष त्यात बसवलं होतं. खरी तारीख तो शेऱ्यात लिहायचा. ताळेबंद तंतोतंत जुळला होता! पण रोजची रोख शिल्लक काढली तर २ तारखेला पेटीत उणे सदतीस हजार. सगळं पुन्हा लिहावं लागलं.

ऑनलाइन सॉफ्टवेअर, म्हणजे झोहो बुक्स वगैरे. तुमचे स्वयंसेवक तीन गावांत विखुरलेले आहेत, तेव्हा मोह पडणं साहजिक आहे, आणि बँकेचं स्टेटमेंट चढवून ताळमेळ घालणं त्यात खरंच सोपं जातं. झोहोची लहान उलाढालीसाठी फुकट योजनाही आहे, पण त्यात किती जणांना प्रवेश मिळतो ते वाचून घ्या. माझी काळजी वेगळी आहे. ही माहिती दहा वर्षं जपायचीय; ट्रस्टच्या वह्यांबद्दल आयकराचा नियम २०२२मध्ये आला, तो तसंच सांगतो. इतक्या काळात कंपनी तिचा विचार बदलू शकते. इंट्युइट काही लहान कंपनी नाही, तरी भारतातलं क्विकबुक्स तिने २०२३मध्ये गुंडाळलं. तेव्हा ऑनलाइन घेतलंत तर दर ३१ मार्चला रोजकीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि देणगीदारांची यादी उतरवून, छापून कपाटात ठेवा.

ग्नूकॅश. फुकट, मुक्त, दुहेरी नोंदीचं, आणि मनापासून आवडतं मला. एका वेळी एकच जण फाइल उघडू शकतो. पण तुमच्या गावात ते येणारा दुसरा माणूस सापडणार नाही, आणि सीए ते उघडणार नाहीत. संगणकवेडा विश्वस्त ते बसवून देतो, दोन वर्षांनी त्याची बदली होते, मग ये रे माझ्या मागल्या. ओळखीच्या मुलाने ‘खास आपल्यासाठी’ बनवून दिलेल्या प्रोग्रॅमचंही तेच होतं.

हस्तांतराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही आत्ता त्यातूनच जाताय. संस्थेच्या नावाने एक ईमेल काढा. त्यावरच बँकेची, आयकर पोर्टलची आणि सॉफ्टवेअरची खाती ठेवा. कुणाच्या खासगी ईमेलवर नकोत. मोबाइल क्रमांकाचंही तसंच: संस्थेच्या पैशाने एक साधं सिमकार्ड घ्या. आमच्या एका संस्थेचा आयकर पोर्टलचा ओटीपी माजी कार्यवाहांच्या मोबाइलवर जायचा, आणि ते मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला. इकडे आमची शेवटची तारीख, तिकडे त्यांची मध्यरात्र. पासवर्ड एका पाकिटात, पाकिटावर दोन विश्वस्तांच्या सह्या, आणि ते कपाटात. जुनाट वाटेल, पण याने अडलेलं मी पाहिलं नाही. तुमच्या त्या एक्सेल फाइलसाठी बंगळुरूला फोन लावा, आणि पासवर्ड आठवत नसेल तर वेळ घालवू नका. ऑडिट झालेला ताळेबंद आणि पावत्यांच्या स्थळप्रती असल्या की सुरुवात करता येते.

अमेरिकेतल्या भाच्याकडून देणगी घेता येईल का असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगीच्या (एफसीआरए) परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. नोंदी मोजल्यावर त्या पाचशेच्या आसपास निघतील असा माझा अंदाज आहे. यंदाचं वर्ष शीटवरच पुरं करते, मध्येच गाडी बदलत नाही. पण देणगीची शीट आजपासून वर सांगितलेल्या रकान्यांची. पुढच्या १ एप्रिलला सीएंच्याच ऑफिसातल्या टॅलीत खाती उघडून घेते, शेड्यूल आठ-नऊच्या क्रमाने, आणि आरंभीची शिल्लक ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून पैशापर्यंत जुळवते. ऑडिट व्हायचं असेल तर तात्पुरती टाकून नंतर दुरुस्त. स्वतःचा परवाना वर्षभराने, गरज वाटली तरच. पुतण्याचा उत्साह वाया घालवू नका. त्याला देणगीचा गूगल फॉर्म करायला सांगा, ज्यात पॅनचा साचा चुकला तर फॉर्म पुढेच जाणार नाही.

आणि मे महिन्यात तुमच्या सहकार्यवाहांना बोलवा. एप्रिलची दहा व्हाउचरं, पासबुक आणि पावतीपुस्तक त्यांच्यापुढे ठेवा, तुम्ही शेजारी बसा, बोलू नका. ते जिथे अडतील ती जागा वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सीएंना फोन करून तेवढंच सोपं करून घ्या.